पोटासाठी पळणं

माघातल्या सप्ताहाचा सहावा दिवस होता. रात्रीचं कीर्तन ऐन रंगात आलं होतं आणि विषय होता निष्काम कर्माचा. महाराज विद्वान, आवाज गोड, गीता आणि ज्ञानेश्वरी मुखोद्गत. बोलता बोलता त्यांनी मंडपाच्या कडेला बसलेल्या पोरांकडे हात केला. म्हणाले, "ही भरतीची पोरं बघा. पहाटे चारला उठून पळतात. थंडी बघत नाहीत, वारा बघत नाहीत. तपश्चर्याच आहे ही! पण कशासाठी? पोटासाठी. नोकरी लागली की पळणं बंद. एवढंच पळणं देवासाठी झालं असतं तर पोरांचं सोनं झालं असतं."

मंडपात हशा पिकला. पोरंही मान खाली घालून हसली. त्या पोरांनी दुपारी चार पंगती वाढल्या होत्या, खरकटं काढलं होतं. कीर्तन उरकल्यावर सतरंज्या गुंडाळून त्यांना पुन्हा चारला मैदानावर यायचं होतं. मला ते शब्द फार लागले. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. महाराजांचा राग आला म्हणावं तर तसंही नव्हतं. त्यांनी काढलेला प्रश्न खरा होता, आणि तो माझ्या उभ्या आयुष्याला विचारल्यासारखा होता.

मी गंगाखेड तालुक्यातल्या एका शाळेवर क्रीडाशिक्षिका होते. २०१८ साली निवृत्त झाले. तेव्हापासून पहाटे गावाबाहेरच्या पड जमिनीवर भरतीच्या पोरापोरींना पळवते. अकॅडमीची फी ज्यांना झेपत नाही ती माझ्याकडे येतात. जमीन काळी. पावसाळ्यात बुटाला किलोकिलोनं माती चिकटते, उन्हाळ्यात अशा भेगा पडतात की त्यात पाऊल अडकतं. मधोमध खुंटी ठोकायची, दोरी ताणून धरायची आणि दोरीच्या टोकाबरोबर वळत वळत फक्की टाकत जायचं. दोनशे मीटरचा ट्रॅक होतो. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर असतं, म्हणजे आमच्या आठ फेऱ्या. मैदानी चाचणीचे गुण ५०, त्यातले २० या सोळाशेचे. पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत आलं तर वीसच्या वीस. बाकीचे शंभर मीटरला आणि गोळ्याला. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा.

हा ७.२६ आकडा कुठून आला, असं पोरं नेहमी विचारतात. सात का नाही, साडेसात का नाही? तो सोळा पौंडांचा गोळा आहे. आणि सोळाशे मीटर म्हणजे जेमतेम नऊ मीटर कमी पडलेला मैल. मी बी.पी.एड. करत होते तेव्हा इतिहासाच्या पेपरासाठी हे सगळं वाचलं होतं. गंगाखेडच्या पड जमिनीवर आम्ही जे अंतर पळतो आणि जे वजन फेकतो, ते व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या लंडनहून आलेलं आहे.

२३ मार्च १८६६ ला लंडनच्या ब्यूफोर्ट हाउसच्या मैदानावर अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लबानं पहिली अजिंक्यपद स्पर्धा भरवली. धावण्याच्या शर्यती, अडथळे, उड्या, गोळा, हातोडा असं सगळं होतं. अ‍ॅमॅच्युअर म्हणजे आपल्याकडचा 'हौशी'. मूळ शब्दात प्रेम करणारा असा अर्थ आहे. वाचताना मला तो फार आवडला. फळाची आस न ठेवता, निव्वळ प्रेमानं धावणारा! मला वाटलं, हा तर आपल्या गीतेतलाच माणूस. मग पुढं या क्लबानं केलेली हौशी माणसाची व्याख्या आली. जो पैशासाठी कधी स्पर्धेत उतरला नाही. जो धंदेवाईकांबरोबर बक्षिसासाठी धावला नाही. ज्यानं आयुष्यात कधी खेळ शिकवून पोट भरलं नाही. आणि सर्वांत शेवटी, जो मेकॅनिक, कारागीर किंवा मजूर नाही.

ते शेवटचं कलम मी दोनदा वाचलं. मजुरानं पैसे घेतलेत की नाही हा प्रश्नच तिथं नव्हता. त्यानं एक पैही घेतली नसली, नुसतं आनंदानं धावायचं म्हणून तो आला असला, तरी तो हौशी नाही. त्याचे हात काम करतात एवढंच पुरे. कारण असं द्यायचे की अंगमेहनतीनं त्याचं शरीर कणखर झालेलं असतं, मग बसून काम करणाऱ्या साहेबलोकांवर अन्याय होतो. पण असल्या नियमाला आपल्या भाषेत फार जुना शब्द आहे. त्याला विटाळ म्हणतात. आणि तो शब्द आपल्याकडचा आहे, म्हणून इंग्रजांकडे बोट दाखवताना माझा हात जड होतो.

त्या व्याख्येनं मी दोनदा बाद होते. खेळ शिकवून मी एकतीस वर्षं पगार घेतला, हे एक. दुसरं त्याच्याही आधीचं.

१९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांची होते. माय पाझर तलावाच्या कामावर माती उपसायला जायची. कामावरच्या बायकांच्या लेकरांना तिथं सुकडी वाटायचे, दुपारी. शाळा सुटण्याची आणि वाटपाची वेळ जवळपास एकच. शाळेपासून तलाव दीड कोस. वाटप संपलं तर त्या दिवशी उपास. म्हणून मी पळायची. अनवाणी, खडी पसरलेल्या नव्या रस्त्यानं. सुकडी परकराच्या ओच्यात घ्यायची आणि घरी धाकट्या भावासाठी निम्मी आणायची. ओच्याला तेलाचा डाग पडायचा, तो आठवडाभर जायचा नाही, कारण धुवायला पाणी नव्हतं. पळायला मी तिथं शिकले. पुढं एका गुरुजींनी बघितलं, तालुक्याला नेलं, आणि तिथं मला स्टीलचा तांब्या मिळाला. माय तो तांब्या पाहुण्यांना पाणी द्यायला वापरायची आणि पाहुणा पाणी पिऊन तांब्या खाली ठेवेपर्यंत त्याच्याकडे बघत राहायची.

आता महाराजांच्या हिशेबानं माझं ते पळणं शुद्ध पोटाचं. सुकडीसाठी पळणारी पोर यापेक्षा सकाम काय असेल? पण मला एक गोष्ट स्वच्छ आठवते. तलावाच्या आधी एक उतार होता. त्या उतारावर पाय आपोआप सुटायचे, वारा कानात भरायचा आणि चार-पाच श्वासांपुरतं मी सुकडी विसरायची. भूक विसरायची. उतार संपला की भूक परत यायची, आधीपेक्षा जास्त. ते चार-पाच श्वास कोणत्या रकान्यात लिहायचे?

लंडनमध्येही हा गुंता सुटला नव्हता. मजुरांवरच्या बंदीसारख्या कारणांवरून भांडणं इतकी वाढली की १८७९ साली दोन वेगवेगळ्या अजिंक्यपद स्पर्धा झाल्या. शेवटी २४ एप्रिल १८८० ला ऑक्सफर्डच्या रँडॉल्फ हॉटेलात जॅक्सन, शिअरमन आणि वाइज या तिघांच्या पुढाकारानं बैठक झाली आणि अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. तिनं मजुरांवरची बंदी काढली. त्याच वर्षी ३ जुलैला लिली ब्रिजच्या मैदानावर तिची पहिली स्पर्धा झाली. तिथं कारागिराला धावता येत होतं. पैसा मात्र निषिद्धच राहिला.

त्या दिवशी मैलाची शर्यत वॉल्टर जॉर्ज नावाच्या तरुणानं जिंकली. हा औषधांच्या दुकानाचं काम शिकलेला पोरगा. १८८४ च्या स्पर्धेत त्यानं अर्धा मैल, एक मैल आणि चार मैल अशा तिन्ही शर्यती मारल्या. मैलाला ४ मिनिटं १८.४ सेकंद. हौशींमध्ये त्याच्या जोडीचा कुणी उरला नाही. जोडीचा एकच होता, स्कॉटलंडचा विल्यम कमिंग्ज, आणि तो पडला धंदेवाईक. जॉर्जनं असोसिएशनकडे परवानगी मागितली की मला कमिंग्जशी धावू द्या, माझ्या वाट्याला येतील ते पैसे मी वुस्टरच्या रुग्णालयाला देईन. परवानगी नाकारली गेली. मग तो धंदेवाईक झाला आणि २३ ऑगस्ट १८८६ ला लिली ब्रिजवरच कमिंग्जशी मैल धावला. शेवटच्या फेरीत कमिंग्ज कोसळला. जॉर्जची वेळ ४ मिनिटं १२ आणि पाऊण सेकंद. १९१५ पर्यंत जगात कुणी त्याहून जलद मैल धावलं नाही.

ही गोष्ट मी पोरांना दरवर्षी सांगते. जॉर्ज कशासाठी धावला? पैशासाठी धावला असं कागद सांगतो. मला वाटतं तो कमिंग्जसाठी धावला. आपल्या तोडीचा माणूस शेजारी धावत असताना आपल्यातून काय निघतं ते त्याला बघायचं होतं. फळ त्यानं आधीच देऊन टाकलं होतं, तरी नियमाला त्याची निष्कामता दिसली नाही, कारण नियम तिला माणसाच्या खिशात शोधत होता.

तरी पैशाला घाबरणारे ते लोक नुसते गर्विष्ठ होते असं मी म्हणणार नाही. सप्टेंबर १८८७ मध्ये त्याच लिली ब्रिजवर दोन धंदेवाईक धावपटूंची शर्यत ठरली होती. पैज लावणाऱ्यांच्या टोळ्यांचं आपसात जमेना, धावणारे मैदानात आलेच नाहीत आणि चिडलेल्या गर्दीनं मैदानाची राखरांगोळी केली. फळावर नजर खिळली की कर्म कसं सडतं, याचं याहून ढळढळीत चित्र नको. आणि हे मला इथंही दिसतं. माझ्याच मैदानामागच्या बाभळीखाली मी एका पहाटे वापरलेल्या सुया उचलल्या आहेत. ज्यानं टोचून घेतलं तो पोरगा माझाच होता. त्याचा बाप दोन वेळा माझ्या दारात येऊन रडून गेला होता की बाई, एवढ्या बारीला लागू द्या, वावर गहाण आहे. त्या सुया हातात धरून मी काय गीता सांगणार होते?

म्हणून त्या रात्री उठले, दिवा लावला आणि ज्या गीतेच्या नावानं हे सगळं चालतं ती काढून बसले. दुसऱ्या अध्यायातला कर्माच्या अधिकाराचा श्लोक सगळ्यांना पाठ आहे. मी सातवा अध्याय उघडला. तिथं भगवंत आपल्या भक्तांचे चार प्रकार सांगतात. आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. आर्त म्हणजे संकटात सापडलेला. अर्थार्थी म्हणजे ज्याला काहीतरी मिळवायचं आहे तो. माझ्या मैदानावरचं प्रत्येक पोर या दोन शब्दांत बसतं. आणि लगेच पुढं भगवंत म्हणतात की हे सगळेच उदार आहेत. सगळेच. अर्थार्थीला दाराबाहेर उभं केलेलं नाही. लंडनच्या क्लबाची व्याख्या आणि ही यादी शेजारी शेजारी ठेवून बघावी. एक यादी माणसं वगळण्यासाठी केलेली आहे, दुसरी घेण्यासाठी.

आपल्या बोलीत तर हे केव्हाचंच आहे. जत्रेला कोण येतं? हौशे, नवशे आणि गवशे. कुणी मौजेला येतो, कुणी नवस फेडायला, कुणी काही गवसतंय का बघायला. जत्रा तिघांची असते. जत्रेच्या वेशीवर कुणी उभा राहून विचारत नाही की तू हौशा आहेस की नवशा. मला हौशी हा शब्द खरा कळला तो या म्हणीतून, बी.पी.एड.च्या पुस्तकातून नाही.

आणि मी तर जनाबाईच्या गावाजवळची. आमच्या गंगाखेडची ही पोर आईबापानं पंढरपूरला नामदेवांच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या घरी सोडली आणि ती जन्मभर नामदेवांच्या घरची दासी म्हणून राबली. दळण, कांडण, सारवण, शेण गोळा करणं. हे काम तिनं प्रेमानं निवडलेलं नव्हतं. पोटासाठी होतं, दुसऱ्याच्या घरचं होतं. आपण तिच्या जात्यावर विठ्ठलाला दळायला बसवतो, चित्र काढून भिंतीवर लावतो, आणि त्यातली मुख्य गोष्ट विसरतो. विठ्ठलानं तिला जात्यावरून उठवून देवळात बोलावलं नाही. दळण टाकून ये, मग भेटतो, असं म्हटलं नाही. तो जात्यापाशी आला आणि त्यानं खुंटा धरला. पीठ दामाशेटींच्या घरच्या भाकरीचंच पडत होतं.

तिच्या गोवऱ्यांची कथा माझी माय सांगायची. गोवऱ्यांवरून जनाईचं दुसऱ्या बाईशी भांडण लागलं होतं. कुणाच्या कोणत्या, हे कसं ठरवायचं? जनाई म्हणाली, कानाला लावून बघा. जिच्यातून विठ्ठल ऐकू येईल ती माझी. दोघींनी शेण एकच गोळा केलं, चुलीत दोन्ही सारख्याच जळणार. फरक डोळ्यांना दिसणारा नव्हता. तो ऐकायला गोवरी कानाजवळ न्यावी लागत होती.

महाराजांच्या बोलण्यात मला हेच कमी वाटलं. त्यांनी पोरांना लांबून बघितलं होतं.

आपल्या मातीत धावण्याचा इतिहास कुणी लिहिला तर त्याला मजुरांच्या पायांपासूनच सुरुवात करावी लागेल. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकच्या आधी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शर्यती झाल्या. सर दोराबजी टाटा तिथं अध्यक्ष म्हणून गेले होते. धावणारी पोरं शेतकऱ्यांची होती, अनवाणी, साध्या भाकरीवर जगणारी. त्यांचं धावणं पाहून टाटांच्या मनानं घेतलं की यांना ऑलिंपिकला पाठवावं. त्यातून जो संघ गेला त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, आणि ते अँटवर्पला मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. लंडनच्या जुन्या कलमानं ज्यांना मैदानात पाऊल टाकू दिलं नसतं, त्यांच्यापासून आपली सुरुवात आहे. आणि आमच्या परभणीची ज्योती गवते २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली, तेव्हा बक्षिसाची रक्कम घेतल्यानं तिचं धावणं उणं झालं असं या जिल्ह्यात कुणाच्या मनातही आलं नाही. आम्ही शाळेत पेढे वाटले.

आता एका मुलीचं सांगते. नाव सांगत नाही. पालम तालुक्यातल्या एका तांड्यावरची. आईबाप दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यात परत येतात. ही मामाकडे राहून पळते. मुलींना आठशे मीटर असतं, आमच्या चार फेऱ्या. गेल्या भरतीत ती दोन गुणांनी राहिली. यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी मैदानावर गेले तर ही माझ्या आधी हजर. पुढची जाहिरात कधी निघेल याचा पत्ता नाही. मी विचारलं, "आता कशाला पळायलीस गं?"

"नोकरी नको का, बाई?" असं म्हणून ती बुटाची लेस बांधत राहिली. खोटं कशाला बोलेल? मग मी वेगळं विचारलं, "तिसऱ्या फेरीला काय येतं मनात?" तिसरी फेरी सर्वांत वाईट असते. पहिलीत जोर असतो, चौथीत शेवट दिसत असतो, तिसरीत काहीच नसतं. ती जरा वेळ थांबली. म्हणाली, "काहीच नाही येत, बाई. नोकरी पण नाही येत. नुसता श्वास ऐकू येतो."

सप्ताहाच्या काल्याला मी महाराजांना भेटले. पाया पडले आणि मनातलं सगळं सांगितलं. सातव्या अध्यायातला अर्थार्थी सांगितला, जॉर्ज सांगितला, तांड्यावरची पोर सांगितली. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "माउली, उदार सगळ्यांनाच म्हटलंय, हे खरं. पण ज्ञानी तो माझा आत्माच, असं त्याच श्लोकात म्हटलंय. पायऱ्या आहेत त्या. खालच्या पायरीला देव मानून तिथंच बसू नये."

त्यांचं म्हणणं मी मान्य केलं. पायऱ्या आहेतच. मी एवढंच म्हणाले, "महाराज, वरची पायरी जिन्याबाहेर नसते. तिसऱ्या फेरीत ती पोर जिथं असते तिथं ती नोकरीच्या वाटेनंच पोचली. पोटानंच तिला तिथवर आणलं. मग त्या पोटाला मंडपात हसायचं का?"

ते बराच वेळ गप्प होते. प्रसादाच्या पंगती उठत होत्या, पोरं बादल्या घेऊन धावत होती. शेवटी म्हणाले, "किती वाजता असतं तुमचं मैदान?"

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला मोटारसायकलवर मागं बसून ते आले. डोक्याला मफलर, गळ्यात तुळशीची माळ, पायात साधी चप्पल. दव फार पडलं होतं, रात्रीच्या दवानं वळणावरची फक्की विरघळून गेली होती. पोरांनी रांगेनं पाया पडायला सुरुवात केली तर त्यांनी हात धरून थांबवलं. त्या मुलीकडे पाहून विचारलं, "तूच का गं ती?" ती लाजली. मी खुंटीपाशी वाकले होते. दोरीचं एक टोक खुंटीला होतं, दुसरं कुणीतरी ताणून धरून वळायला हवं होतं. महाराजांनी मफलर कमरेला बांधला आणि ते टोक उचललं. "किती ताणू?" म्हणाले. मी म्हटलं, "ढिली पडू देऊ नका, बास." ते अंधारात हळूहळू वळत गेले, आणि त्यांच्या मागं ती मुलगी वाकून मूठमूठ फक्की सोडत गेली.